प्रवेशिकेवर सही करताना: मुख्याध्यापक आणि क्रीडा शिक्षकांना खुले पत्र

राज्यातल्या माध्यमिक शाळांचे व कनिष्ठ महाविद्यालयांचे मुख्याध्यापक, प्राचार्य आणि क्रीडा शिक्षक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला आहे. तालुक्याच्या बैठका होतील, वेळापत्रकं लागतील, ऑनलाइन नोंदणी सुरू होईल आणि थोड्याच दिवसांत तुमच्या टेबलावर प्रवेशिकांचा गठ्ठा येऊन पडेल. १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील, १९ वर्षांखालील, मुलं, मुली, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती, मैदानी. या गठ्ठ्यावर सह्या कशा होतात ते आपण सगळेच जाणतो. दाखल्यांची घाई असते, पालक दारात उभे असतात, शिपाई एकेक पान उलटत जातो, सही होते, शिक्का बसतो. हे पत्र त्या सहीबद्दल आहे, आणि तिच्या आडून संघात शिरणाऱ्या खोट्या वयाबद्दल.

मी कबड्डीचा पंच आहे. तालुका आणि जिल्हा पातळीवरचे शालेय सामने वर्षानुवर्षं खेळवत आलो आहे. हल्लीच्या मुलांमध्ये खिलाडूवृत्ती राहिली नाही, असं बक्षीस समारंभात हमखास कोणीतरी बोलतं आणि समोर मांडी घालून बसलेली मुलं खाली मान घालून ऐकून घेतात. मला हे ऐकवत नाही. मैदानावर मुलं स्वतःच्या बुद्धीने लबाडी करताना मी फार क्वचित पाहिली आहेत. ती बहुतेक वेळा मोठ्यांनी शिकवलेली असते आणि तिची सुरुवात शिट्टी वाजण्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या कार्यालयात झालेली असते.

जिल्हास्तरावरच्या १७ वर्षांखालील मुलांच्या एका सामन्याचं सांगतो. सामन्याआधी मी ओळखपत्रं तपासत होतो. एका संघात एक चढाईपटू होता. दाढी नुकतीच घोटलेली, गालांवर हिरवट झाक, मनगट माझ्याहून जाड. कागद मात्र चोख: फोटो त्याचाच, जन्मतारीख गटात बसणारी, शिक्का ठसठशीत. मी सहज विचारलं, "कितवीत रे?"

"दहावीत, सर."

"वर्गशिक्षक कोण तुझे?"

तो गप्प झाला. मान वळवून त्याने आपल्या सरांकडे पाहिलं. सर मोबाइलमध्ये बघत होते. मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या, त्याच संघातल्या एका बारक्या पोराने ओठ न हलवता एक नाव पुटपुटलं, आणि यानं ते मला मोठ्याने ऐकवलं.

त्या दाढीवाल्यापेक्षा हा पुटपुटणारा पोरगा माझ्या जास्त लक्षात राहिला आहे. तो खरा विद्यार्थी होता, खऱ्या वयाचा होता, रोज शाळेत येणारा होता. त्याला कोणी पुटपुटायला सांगितलंही नसेल. आपली शाळा अडचणीत आहे आणि खोटं बोलून तिला सोडवायचं आहे, एवढं त्याला आपोआप समजलं होतं. त्याला हे कोणत्या तासाला शिकवलं गेलं?

समोरच्या संघाने हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची म्हणजे लेखी द्यायची, फी भरायची, ती वेळेत द्यायची आणि वर पुरावाही आपणच आणायचा. त्यांचे सर तासिका तत्त्वावर नेमलेले, वयाने लहान. ते काय भांडणार? आणि कागद पुरे असले की पंचाला मुलाला बाहेर बसवता येत नाही. सामना झाला. उत्तरार्धात डाव्या कोपऱ्यावरच्या सडपातळ मुलाने त्या चढाईपटूचा घोटा धरला. पकड तंत्रशुद्ध होती. त्याच्या सरांनी दहा वेळा घोटून घेतली असेल अशी. पण घोटा धरलेल्या त्या पोराला मागे लटकवत चढाईपटू मध्यरेषेपर्यंत गेला आणि पोराच्या खांद्यावर पडला. कॉलरबोन मोडलं. सहामाहीचे पेपर त्याने कसे लिहिले असतील, मला माहीत नाही.

वयचोरीबद्दल बोलताना आपण पदकांचं, निकालाचं बोलतो. कबड्डी आणि कुस्तीसारख्या खेळांत ती आधी हाडांवर येते. १६ वर्षांच्या मुलासमोर २० वर्षांचा माणूस उभा करणं ही स्पर्धेतली लबाडी तर आहेच, पण दुसऱ्याच्या लेकराला जाणूनबुजून इजेच्या तोंडी देणं आहे, आणि त्या कागदावर मुख्याध्यापकांची सही आहे.

जो मुलगा संघात येऊच शकला नाही, त्याचाही विचार करा. कबड्डीच्या संघात बारा जण असतात. बाहेरून आणलेला एक जण आत आला की कोणीतरी खरा बारावा बाहेर जातो. तो पावसाळाभर चिखलात सराव करून आलेला असतो, घरी आईला "माझं नाव लागलंय" असं सांगून आलेला असतो. आदल्या रात्री त्याला कळतं की जुलैमध्ये दुसऱ्या तालुक्यातून दाखला घेऊन आलेला कोणी एक दादा त्याच्या जागी खेळणार आहे. हा बारावा पुन्हा मैदानावर दिसत नाही. त्याची कुठे नोंदही होत नाही.

आणि खोट्या वयाने खेळवलेल्या मुलाचं तरी भलं होतं का? आपल्यापेक्षा लहान पोरांना फरफटवून त्याने गुण मिळवलेले असतात. खुल्या गटात गेल्यावर समोर बरोबरीचे आले की त्याच्याकडे ताकदीपलीकडे काहीच नसतं. ना पायाची चपळाई, ना बोनस गुण टिपणारी नजर. असे कितीतरी शालेय मैदानावरचे वाघ आमच्या जिल्ह्यात आज कुठे आहेत, हे कोणी विचारतही नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. सगळ्याच चुकीच्या जन्मतारखा लबाडीच्या नसतात. आपल्या राज्यात १ जूनला जन्मलेल्यांची एक आख्खी पिढी आहे. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. आजही ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या घरांतली मुलं उशिरा शाळेत येतात, मध्ये एखादं वर्ष गळतं. असा १८ वर्षांचा मुलगा तुमच्या नववीत असेल तर त्यात त्याचा दोष नाही आणि लपवण्यासारखंही काही नाही. त्याला १९ वर्षांखालील गटात खेळवा. चूक नोंदवलेली तारीख आणि मुद्दाम बदललेली तारीख यांतला फरक तुम्हाला, शाळेच्या प्रमुखांना, सगळ्यात आधी कळतो, कारण जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, तुमच्या कपाटात आहे. पहिलीत घातलं तेव्हाची नोंद काय म्हणते? जन्मदाखला कधी काढला आहे? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते आणि वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मुलगा आठवीत गेल्यावर अचानक नवा जन्मदाखला आला असेल, तर थांबून दोन प्रश्न विचारायला हवेत.

मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय काढण्याची पद्धत आहे, ती का नाही वापरत, असं कोणी म्हणेल. मोठ्या स्पर्धांत ती वापरतात. क्रिकेट मंडळ लहान गटांसाठी वर्षानुवर्षं वापरत आहे. पण तीही अचूक नाही, अंदाज देते. पोषण कमी झालेल्या मुलाची हाडं वयाच्या मागे असू शकतात. आणि प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर एक्स-रे मशीन नेणं शक्यही नाही. केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. त्यानंतरही हा रोग आहे तिथेच आहे, कारण तालुक्याच्या मैदानावर संहिता येत नाही, तिथे फक्त तुमची सही येते.

लोभ कशाचा आहे हेही स्पष्ट बोलू. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, ज्यांना आपण ग्रेस मार्क म्हणतो. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. २००५ पासून ते आहे. दोन्ही सवलती मला योग्य वाटतात. ज्या मुलीने सकाळचे दोन तास मैदानाला दिले तिला त्याचं काही मिळायलाच हवं, आणि खेडेगावातल्या खेळाडूला नोकरीची आशा नसेल तर बाप त्याला मैदानावर पाठवणारच नाही. पण याच सवलतींमुळे प्रमाणपत्र हा विकायचा माल झाला. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं राज्याने पाहिली. ज्यांनी आयुष्यात ट्रॅम्पोलिनवर उडी मारली नाही ते त्या खेळाचे राज्य खेळाडू म्हणून सरकारी खुर्चीत बसले. बातम्या आल्या तेव्हा आपण सगळे हळहळलो. पण असा माणूस पंचविसाव्या वर्षी एकदम तयार होत नाही. कागद बरोबर असला की माणूस बरोबर ठरतो, हे त्याला नववी-दहावीत कोणीतरी दाखवून दिलेलं असतं.

राहुल द्रविड यांनी २०१५ साली दिल्लीत पतौडी स्मृती व्याख्यानात नेमका हाच धागा धरला होता. आईवडील आणि प्रशिक्षक मिळून वय खोटं लिहितात हे मूल पाहतं, तेव्हा आपण त्याला फसवणूकच शिकवत नाही का, असा त्यांचा प्रश्न होता. चौदाव्या वर्षीची वयाची लबाडी पुढे पंचविशीत फिक्सिंगपर्यंत जाऊ शकते, असं ते म्हणाले. हे बोलणारा माणूस लहान गटांच्या भारतीय संघाचा प्रशिक्षक होता, म्हणून त्याला वजन आहे.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येतो. कारण कागद स्वच्छ असलेल्या शाळांमध्येही मैदानाच्या कडेला जे चालतं ते पाहून जीव तुटतो.

१४ वर्षांखालील मुलींचा सामना. शेवटची दोन-तीन मिनिटं, दोन्हीकडे गुण सारखे. चढाई करणाऱ्या मुलीची बोटं एका पकडपटू मुलीच्या कोपराला घासून गेली. मधे दुसरी मुलगी होती, त्यामुळे मला दिसलं नाही; पलीकडच्या पंचांनाही दिसलं नाही. त्या मुलीने स्वतःहून हात वर केला आणि बाहेर चालू लागली. इतक्यात कडेवरून तिच्या सरांचा आवाज आला, "तुला कोणी विचारलं का? आत थांब!" ती जागच्या जागी थांबली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मी गुण दिला. सामना त्याच एका गुणाने गेला.

नंतर सगळ्या मुली झाडाखाली डबे उघडून बसल्या होत्या. ही चार हात लांब, एकटी. सर तिच्याशी बोलत नव्हते, म्हणून मुलीही बोलत नव्हत्या.

माझ्याकडे तीन कार्डं असतात: हिरवं, पिवळं, लाल. खेळाडूने वाद घातला तर दाखवतो, प्रशिक्षकाने शिवी दिली तर त्यालाही दाखवतो. पण खरं बोलल्याबद्दल बारा-तेरा वर्षांच्या मुलीला वाळीत टाकणाऱ्या मोठ्या माणसासाठी माझ्याकडे कार्ड नाही. ते काम मुख्याध्यापकांचं आहे. सोमवारच्या परिपाठात सगळ्या शाळेसमोर त्या मुलीचं नाव घेऊन, तिने काय केलं ते सांगितलं असतं, तर त्या शाळेत पुढची दहा वर्षं कोणाला खिलाडूवृत्तीवर भाषण द्यावं लागलं नसतं.

एकतर्फी सामन्यांबद्दलही लिहायला हवं. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला आंतरशालेय क्रिकेट सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाच्या मुलाने जागतिक विक्रम केला, साऱ्या देशाने कौतुक केलं. त्याच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण त्या सामन्याचा पूर्ण धावफलक पुन्हा पाहा. ३ बाद १४६५ वर डाव घोषित, आणि समोरची शाळा ३१ आणि ५२ धावांत बाद. त्या शाळेची दहावीची मुलं अभ्यासामुळे आली नव्हती आणि लहान मुलंच खेळत होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. दोन दिवस चेंडू आणायला सीमारेषेबाहेर पळणाऱ्या त्या पोरांचं नाव कोणाला आठवतं? २०१९ मध्ये मुंबईच्या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेत, हॅरिस शिल्डमध्ये, पहिल्या फेरीत आझाद मैदानावर एक संघ ७ धावांत बाद झाला. दहाही फलंदाज शून्यावर, सातही धावा अवांतर, हार ७५४ धावांनी. त्या शाळेची समाजमाध्यमांवर चेष्टा झाली. मुलंच होती ती.

दोष खेळणाऱ्या मुलांचा नाही. दोष तयारी नसलेला संघ हजेरी लावण्यासाठी पाठवणाऱ्यांचा आहे, आणि सामना कधीच जिंकून झालेला असताना डाव घोषित करा असं न सांगणाऱ्यांचाही. कबड्डीत मी हे रोज पाहतो. चार लोण चढलेले असतात, म्हणजे समोरचा अख्खा संघ चारदा बाद झालेला असतो, तीस गुणांची आघाडी असते, तरी तेच सात जण मैदानावर आणि पाच राखीव पोरं शेवटपर्यंत टॉवेल धरून बसलेली. त्यांना आत घ्या ना! समोरच्या मुलांनाही जरा श्वास मिळेल आणि तुमच्या राखीव पोरांना आयुष्यभर सांगायला एक सामना मिळेल.

क्रीडा शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. शेकडो मुलांमागे एक सर, वर निवडणुकीचं काम, कला-कार्यानुभवाचे तास, मैदानावर बांधकामाची वाळू पडलेली. संस्थाचालक फक्त एकच विचारतात, "यंदा राज्यावर गेलो का?" चांगलं काम करणाऱ्या कितीतरी शिक्षकांना मी ओळखतो; पदरचे पैसे घालून मुलांना वडापाव खाऊ घालून मुक्कामी स्पर्धेला नेणारे. त्यांनाच या लबाडीचा फटका सगळ्यात जास्त बसतो, कारण ते सचोटीने बारा मुलं उभी करतात आणि दाखल्यावर आणलेल्या संघाकडून हरतात. दोन-तीन वर्षं असं झालं की तेही थकतात. मग कोणीतरी त्यांना सल्ला देतं, "तुम्हीही एखादा आणा ना, सर."

म्हणून माझ्या विनंत्या अगदी साध्या आहेत. प्रवेशिकेवर सही करण्याआधी प्रत्येक नाव जनरल रजिस्टरशी स्वतः ताडून पाहा. बारा नावांना अर्धा तास लागतो. संघाची यादी फोटो आणि तुकडीसकट शाळेच्या फलकावर आठवडाभर आधी लावा. दहावी 'ब' मध्ये कोण बसतो आणि कोण बसत नाही, हे दहावी 'ब' च्या मुलांइतकं कोणालाच माहीत नसतं. सगळ्यांसमोर लागलेल्या यादीत परका माणूस घालायची हिंमत होत नाही. यंदा आधीच चूक झाली असेल, नोंदणी होऊन गेली असेल, तर ते नाव मागे घ्या. क्रिकेट मंडळाने २०२० मध्ये अशीच वाट दिली होती: जो स्वतः पुढे येऊन खरं वय सांगेल त्याला शिक्षा नाही, योग्य गटात खेळता येईल, नंतर सापडला तर दोन वर्षं बंदी. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे की शालेय स्पर्धांत अशी एक मुदत जाहीर करावी आणि वयाबद्दलच्या हरकतीला फी लावू नये. अन्यायाची तक्रार करायला गरीब शाळेच्या सरांना खिसा चाचपावा लागतो, हे बरोबर नाही.

मुख्याध्यापकांना एक आठवण करून देतो. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. त्यांच्या प्रवासाला पैसे कमी पडत होते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. एका शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने खेळाडूसाठी काय करावं याचं हे आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. तुमच्याकडे तर फक्त रजिस्टर उघडण्याची मागणी आहे.

हे पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवा, पटलं नाही तर मला खोडून काढा, पण प्रवेशिकांच्या अंतिम तारखेच्या आधी त्यावर एकदा बोला. आणि तुमच्या शाळेत अशी एखादी मुलगी असेल जिने हात वर केला आणि सामना गमावला, तर या आठवड्यात तिला कार्यालयात बोलावून घ्या, तिच्या सरांनाही बोलवा, आणि त्यांच्यासमोर तिला शाबासकी द्या.

आपला,
एक कबड्डी पंच